फी भरली म्हणजे विद्यार्थी ग्राहक झाला का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांत मी बावीस वर्षं मेकॅनिक्स शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं पावसाळ्याच्या तोंडावर प्रवेशाच्या टेबलावर बसलो. पालक आणि मुलं जे विचारतात ते दरवर्षी थोड्याफार फरकानं तेच असतं. पण टेबलासमोर रांग लागलेली असते, मागचा माणूस फाईल सावरत उभा असतो, नीट उत्तर देता येत नाही. ती उत्तरं इथे सवडीनं लिहितो आहे. मुख्यतः महाराष्ट्रातल्या खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांबद्दल बोलतोय, कारण मला माहीत आहेत ती तीच.

वर्षाला लाख-सव्वा लाख मोजतो. आम्ही ग्राहक नाही तर कोण?

पैशापुरते तुम्ही ग्राहकच आहात आणि तिथे अजिबात मागे हटू नका. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळाली पाहिजे. माहितीपत्रकात जिचा फोटो छापलाय ती प्रयोगशाळा खरोखर उघडी असली पाहिजे. वसतिगृहात पाणी, मेसमध्ये खाण्याजोगं जेवण, कोर्स संपल्यावर डिपॉझिट परत. यातलं काही मागताना आवाज खाली करायचं कारण नाही.

वर्गाच्या आत मात्र हा हिशेब चालत नाही. दुकानात पैसे दिले की वस्तू पिशवीत येते, पुढे तुम्हाला काही करायचं राहत नाही. इथे पैसे भरल्यानंतरही बहुतेक काम तुमच्या मुलालाच करायचं असतं. फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची बलं दाखवणारी आकृती) मी फळ्यावर दहा वेळा काढला तरी त्यानं स्वतःच्या वहीत चार वेळा चुकवून, खोडून, पुन्हा काढल्याशिवाय तो त्याला येत नाही. आणि शेवटी त्याच मुलाला ‘तुला हे अजून आलेलं नाही’ असं सांगण्याचा अधिकार शिक्षकाकडे असावा लागतो. गिऱ्हाइकाला असं कुणी सांगत नाही.

कायदा काय म्हणतो? ग्राहक मंचात जाता येतं का?

इथे उत्तर लांबणार आहे, कारण न्यायालयांनीही दोन्ही बाजूंनी सांगितलं आहे.

२००९ सालचे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. पहिला पाटण्याच्या एका दंतवैद्यक महाविद्यालयाचा. मगध विद्यापीठाची संलग्नता आणि डेंटल कौन्सिलची मान्यता असल्याचं भासवून त्यांनी मुलांना प्रवेश दिले. दोन्ही नव्हतं. मुलांची वर्षं गेली, पैसे गेले. सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला आणि ही सेवेतली त्रुटी मानली. दुसरा निकाल बिहारच्या शालान्त परीक्षा मंडळाचा. एकच आसन क्रमांक दोन मुलांना दिला गेला, त्यातल्या एकाचा निकाल लागलाच नाही आणि त्याला पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. त्याच्या वतीनं भरपाई मागितली गेली. तिथे न्यायालय म्हणालं की परीक्षा घेणं हे मंडळाचं कायद्यानं नेमून दिलेलं काम आहे, ती विकलेली सेवा नव्हे, त्यामुळे परीक्षार्थी ग्राहक ठरत नाही.

वाचताना दुसरा निकाल निष्ठुर वाटतो. मलाही वाटला होता. पण परीक्षेची फी म्हणजे निकालाची किंमत नव्हे, हे त्यातलं म्हणणं मला पटतं. त्या मुलाला न्याय मिळायलाच हवा होता, फक्त ग्राहक म्हणून मिळाला नाही, दुसऱ्या वाटेनं मिळायला हवा होता. ती वाट आपल्याकडे किती अरुंद आहे, हे पुढे येईलच.

२०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण ही विक्रीची वस्तू नाही असं स्पष्ट म्हटलं, २०१२ मध्येही तोच सूर होता. २०१५ मध्ये शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येतात असं सांगणारा एक आदेश आला, २०१७ मध्ये पुन्हा उलटा. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठानं शिक्षणसंस्थांना या कायद्याबाहेर ठेवलं; प्रवेशापूर्वीच्या आणि नंतरच्या बाबी, सहली, पोहणं, खेळ हे सगळं धरून. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्याविरुद्धचं अपील विचारार्थ घेतलं. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यातही शिक्षणसंस्थांचं नाव घेऊन सरळ उत्तर दिलेलं नाही. तेव्हा संस्थेनं फसवणूक केली असेल तर वकिलाला विचारून पाऊल जरूर टाका. मार्क कमी पडले म्हणून ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढू नका.

मग क्लासवाल्यांचं काय? तेही शिकवतातच.

क्लासच्या बाबतीत तुम्ही ग्राहक आहात. २०२० च्या त्या निर्णयातही कोचिंगला वेगळं काढलं आहे. करसुद्धा हाच फरक करतो. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम शिकवणाऱ्या महाविद्यालयाच्या फीवर जीएसटी नाही, कोचिंगच्या फीवर १८ टक्के आहे. जानेवारी २०२४ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलानं मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करायची आहे, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच द्यायचा नाही. लातूर असो की कोटा, ‘आमचे इतके विद्यार्थी निवडले गेले’ ही जाहिरात वाचताना साबणाची जाहिरात वाचतो तशीच वाचावी.

संस्था जर धंदाच करत असेल तर आम्ही गिऱ्हाईक का नको?

हा प्रश्न चिडून विचारला जातो आणि ती चीड रास्त आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं खाजगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयं काढायला परवानगी दिली. त्याआधी आपली मुलं कर्नाटकात जाऊन डोनेशन भरत होती. त्या निर्णयानं सांगली, अहमदनगर, अमरावतीच्या मुलाला जवळ जागा मिळाली हे खरं, आणि शिक्षणसम्राट हा शब्द त्याच काळात मराठीत रुळला हेही खरं. लगेच १९८७ मध्ये कॅपिटेशन फी, म्हणजे मंजूर फीवर प्रवेशासाठी उकळलेले पैसे, घेण्यास मनाई करणारा कायदा करावा लागला.

पण संस्था धंदा करते म्हणून धंद्याला मान्यता देऊन टाकायची, हे मला धोक्याचं वाटतं. आज कायदा तुमच्या बाजूनं नेमकं हेच म्हणतोय की हे दुकान नाही. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठानं टी. एम. ए. पै प्रकरणात सांगितलं की संस्थेला वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवता येईल, नफेखोरी करता येणार नाही, कॅपिटेशन फी घेता येणार नाही. २००५ च्या इनामदार प्रकरणात तर समोर महाराष्ट्र सरकारच होतं आणि सात न्यायाधीशांनी नफेखोरीवरची बंदी कायम ठेवली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं करसवलतीच्या प्रकरणात म्हटलं की सवलत हवी असेल तर संस्थेचं उद्दिष्ट फक्त आणि फक्त शिक्षण हेच असलं पाहिजे.

आपल्याकडे २०१५ च्या कायद्यानं शुल्क नियामक प्राधिकरण आहे. संस्था हिशेब सादर करते, प्राधिकरण फी मंजूर करतं, मंजूर आकडा संकेतस्थळावर दिसतो. कुठल्या दुकानदाराला वहीखातं दाखवून भाव मंजूर करून घ्यावा लागतो? तुम्ही स्वतःला गिऱ्हाईक म्हणवून घेतलंत की संस्थेचे वकील आनंदानं म्हणतील, ‘बरोबर, मग बाजारभावानं घेऊ.’

ज्यांची फी सरकार भरतं, ती मुलं कुणाची ग्राहक?

हा प्रश्न मला एका मुलीनं विचारला होता आणि या पानावर माझ्या लेखी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

मी जिथे शिकवत होतो त्यातल्या एका महाविद्यालयात फीच्या खिडकीवर दोन रांगा असायच्या. एक पूर्ण फी भरणाऱ्यांची, दुसरी ‘फ्रीशिपवाल्यांची’. हा शब्द खिडकीमागून मोठ्यानं उच्चारला जायचा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला की त्या मुलांचं हॉल तिकीट अडायचं, टीसी अडायचा. एकदा द्वितीय वर्षाच्या वर्गात पंखा बंद असल्याची तक्रार एका मुलीनं केली, तेव्हा कारकून तिला म्हणाला, ‘तू कुठे फी भरतेस?’ ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती. तिनं फक्त विचारलं, ‘सर, ज्यांनी भरली त्यांच्यापुरताच पंखा लावतात का?’

पैसे देणारा तो ग्राहक, हे एकदा मान्य केलं की कारकुनाचं वाक्य तर्काला धरूनच होतं. मग शिष्यवृत्तीवरचं मूल समाजकल्याण खात्याच्या खर्चानं आलेलं पाहुणं ठरतं. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. वर्गातल्या कितीतरी मुली आज स्वतः शिक्षण फी भरत नाहीत. त्यांचा वर्गावरचा हक्क इंचभरही कमी होत नाही.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. पैसे दिले तर शाळा, असं नव्हतं. शाळेत पाठवलं नाही तर पैसे द्या, असं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, काम करून शिकायची. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या पंगतीत ग्राहक कोण होता?

ग्राहक मानलं तर शिक्षक नीट शिकवतील, असं नाही का?

काही प्रमाणात होईल. तासाला न येणारा शिक्षक वेळेवर येईल. मुलांकडून अभिप्राय घ्यावाच, महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनातही विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असतंच. पण समाधान आणि शिकणं यांची नेहमीच गाठ पडते असं नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना छान रंगवलेलं व्याख्यान दिलं, काहींना गटात बसवून गणितं झगडून सोडवायला लावली. झगडलेल्या मुलांना चाचणीत जास्त मार्क मिळाले आणि तरीही आपण कमी शिकलो असंच त्यांना वाटलं. मी हे वाचलं तेव्हा मला माझा स्वतःचा वर्ग आठवला. ज्या वर्षी मी पीपीटी लावून भराभर पुढे गेलो त्या वर्षी फीडबॅक उत्तम होता. ज्या वर्षी प्रत्येकाला फळ्यावर बोलावलं त्या वर्षी ‘सर फार टोकतात’ असं लिहून आलं. सात-आठ वर्षांनी भेटायला येतात ती फळ्यावर बोलावलेल्या त्या वर्षातली मुलं.

शिक्षक सुधारायचे असतील तर प्रवेशाच्या वेळी एक प्रश्न विचारा, जो शंभरात एखादाच पालक विचारतो: पूर्णवेळ शिक्षक किती आणि त्यांचा पगार वेळेवर होतो का? एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) निकषानं वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. कागदावर तो असतोच. प्रत्यक्षात तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत धावणारा माणूस असेल, किंवा सहा महिने पगार न झालेला. त्याच्याकडून सेवेची अपेक्षा करून काही हाती लागत नाही. वातानुकूलित सेमिनार हॉल नंतर बघा.

फी घेऊन नापास कसं करता?

फी घेतलीय म्हणूनच. तुमचा मुलगा उद्या पुलाचं डिझाइन तपासणार आहे, किंवा लिफ्टची दोरी. त्यावरून जाणाऱ्या माणसांनी आम्हाला काही फी भरलेली नाही, तरी आम्ही त्यांचं देणं लागतो.

या बाबतीत मला स्वतःचंही सांगायला हवं. एका वर्षी प्रवेश घटले होते. ऑफिसातून निरोप आला, ‘टर्मवर्कला (सत्रभरातल्या कामाच्या मार्कांना) जरा सांभाळून घ्या, मुलं नाराज झाली तर पुढच्या वर्षी जागा भरणार नाहीत.’ मी दोन मुलांना सांभाळून घेतलं. सबमिशन नव्हतं, हजेरी नव्हती, तरी मार्क दिले. दोघंही ओरलला काहीच बोलू शकली नाहीत, पुढे दोघांनाही त्याच विषयाचा पाया हवा असलेल्या दोन विषयांत केटी लागली, म्हणजे ते विषय मागे राहिले. त्यांना मी त्या सेमिस्टरला डिफॉल्टर लिस्टमध्ये (काम अपुरं असलेल्यांच्या यादीत) टाकलं असतं तर सुट्टीत बसवून शिकवता आलं असतं. ती दोन नावं मी विसरलेलो नाही.

परदेशात तर विद्यार्थ्याला ग्राहकच मानतात ना?

इंग्लंडमध्ये, हो. १९९८ मध्ये वर्षाला १००० पौंड फी सुरू झाली, २०१२ मध्ये कमाल ९००० पौंड झाली. २०१५ चा तिथला ग्राहक हक्क कायदा विद्यापीठांनाही लागू होतो. मास्टर्सला तिकडे जाणाऱ्या मुलांना याचा उपयोग आहे: जाहिरातीत दिलेला विषय ऐनवेळी काढून टाकला तर दाद मागता येते. पण मर्यादा तिथेही आहेत. ऑक्सफर्डच्या एका माजी विद्यार्थ्यानं भारताच्या वसाहतकाळाचा इतिहास नीट शिकवला नाही, त्यामुळे अपेक्षित श्रेणी हुकली, असा दावा लावला होता. २०१८ मध्ये तो हरला.

जर्मनीनं उलट दिशा धरली. सुरू केलेली फी राज्यांनी एकेक करून काढली, शेवटी २०१४ मध्ये लोअर सॅक्सनीनं. बाडेन-वुर्टेम्बर्गनं मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो लावले आहेत, तेव्हा स्टुटगार्ट किंवा कार्ल्सरूहला जाणाऱ्यांनी ते धरून चालावं. फी न घेता तिथली अभियांत्रिकी काही खालावली नाही.

ग्राहक नाही म्हणजे मुकाट्यानं सोसायचं?

मुळीच नाही. ग्राहकाचं मुख्य हत्यार म्हणजे दुकान बदलणं, आणि तेच विद्यार्थ्याच्या हातात नसतं. दुसऱ्या वर्षी कॉलेज बदलायचं तर तिकडे त्याच शाखेची जागा रिकामी हवी, विद्यापीठ वेगळं असेल तर विषय जुळायला हवेत, इकडून कागद सुटायला हवेत. गेलेलं सेमिस्टर परत मिळत नाही. ज्याला सोडून जाता येत नाही त्याला आत राहून बोलण्याचा अधिकार हवा, सोसायटीच्या सभासदाला असतो तसा. हिशेब विचारण्याचा, समितीत बसण्याचा.

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं पुरेशी तयारी न करता सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, ती उलटली, निकाल लांबत गेले, कित्येकांचे पुढचे प्रवेश आणि नोकऱ्या धोक्यात आल्या. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. त्या मुलांना ग्राहक म्हणून फीच्या परताव्यात काय मिळालं असतं? निर्णय होण्याआधी तो अडवण्याची जागा त्यांना हवी होती. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकांची तरतूद केली, प्रत्यक्षात त्या घेण्याची हिंमत कुणी दाखवत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

जे हातात आहे ते वापरा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असली पाहिजे आणि विद्यापीठाला लोकपाल नेमावाच लागतो. समितीचा निर्णय पटला नाही तर लोकपालाकडे अपील करता येतं. तक्रार लेखी द्या, आवक क्रमांक घ्या, शक्यतो पाच-सात जणांनी मिळून सह्या करा.

प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते का?

मिळते. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर पूर्ण (प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त ५००० रुपये कापून), त्यानंतर पण तारखेच्या आत ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०, पुढे काही नाही. एआयसीटीईच्या अभ्यासक्रमांना ठरलेल्या मुदतीत जागा सोडल्यास हजार रुपयांपेक्षा जास्त कापत नाहीत. राज्याची प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या वेळापत्रकातली तारीख आधी बघा. मूळ प्रमाणपत्रं तपासून लगेच परत द्यायची असतात, ठेवून घ्यायची नसतात.

पावती ‘देणगी’ म्हणून दिली तर?

घेऊ नका आणि तसे पैसेही देऊ नका. मंजूर फीव्यतिरिक्त प्रवेशाच्या बदल्यात मागितलेली रक्कम म्हणजे कॅपिटेशन फी, तिला नाव काहीही द्या.

मुलाच्या मार्कांसाठी पालकांनी सरांना फोन करावा का?

नको. मुलाला पाठवा, उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवून घेऊन पाठवा. माझ्याकडे अशी मुलं यायची तेव्हा आम्ही दोघं बाकावर बसून पान न् पान बघायचो. कधी माझी बेरीज चुकलेली निघायची, मी दुरुस्तीचा अर्ज लिहून द्यायचो. बहुतेक वेळा चौथ्या ओळीत त्यानं बलाची दिशा उलटी धरलेली असायची, आणि ती त्यालाच आधी दिसायची.